डावीकडचे पाच दिवे

रविवार, सकाळ. गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार. हजर: मधुभाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ. शीलावहिनी, त्याची बायको. नेहा दीदी, भाऊचा व्यायाम करवून घ्यायला घरी येणारी फिजिओथेरपिस्ट. आणि मी, नंदा. जागा: रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपची मागची खोली. काम: दहा दिव्यांची पळती पट्टी. करणार: मधुभाऊ, एकट्यानं.

कुठल्याही कामाची सुरुवात मी अशीच करते. आधी वार, मग माणसं, मग काम. भाऊ याला ‘नंदाची हजेरी’ म्हणतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी ओरडतो, “थांबा, आधी मॅडमची हजेरी होऊ द्या, मग सोल्डरिंग आयर्न तापवू.” हजेरी घेतली की काम डोक्यात नीट मांडलं जातं, एवढाच माझा अनुभव. त्या रविवारचं काम मात्र अजून मांडलं जात नाही. दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, “दिव्यांच्या धंद्यावर लिहा, तुमचं आयुष्य त्यातच गेलं,” तेव्हा हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तर हा रविवारच आधी कागदावर उतरला. राहू दे तसाच.

आमचा धंदा पळत्या दिव्यांचा. देवीच्या मूर्तीमागं, लग्नाच्या गेटवर, धुमालच्या गाडीवर एकामागोमाग एक पेटत जाणारे दिवे तुम्ही पाहिलेले असतात. खरं तर दिवा पळत नाही. तो जागेवरच असतो. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि पळायचं काम तुमचे डोळे करतात. यामागं दोन छोट्या चिपा असतात. एक नुसते ठोके देते, घड्याळासारखे. दुसरीला दहा दारं. प्रत्येक ठोक्याला ती पुढचं दार उघडते आणि मागचं लावते. दहावं झालं की पुन्हा पहिलं. ठोके जोरात पडले की दिवे धावतात, हळू पडले की चालतात. एवढीच कारागिरी, पण स्वतःच्या हातानं जोडलेली पट्टी पहिल्यांदा पळते तेव्हा पन्नाशीचा माणूससुद्धा टाळ्या वाजवतो. मी पाहिलंय.

आता रिमोटसकट तयार रीळ बाजारात मिळतं, कात्रीनं कापा आणि चिकटवा. मग आमच्याकडं कोण येतं? हौशी येतात. त्यांना दिवे नको असतात, ते जोडायचं सुख हवं असतं. आम्ही त्यांना तांब्याच्या रेघा असलेलं कोरं बोर्ड, चिपा, दिवे, रेझिस्टर आणि एक नकाशा अशी पुडी देतो. नकाशा भाऊ काढतो, पुड्या मी भरते. दारात येणारा माणूस मला बघून हमखास विचारतो, “भैया नहीं हैं?” मी म्हणते, “भैया आत आहेत, काम काय ते मला सांगा.” निम्मी कामं तिथंच संपतात. उरलेली निम्मी भाऊची.

नव्या रायपुरात मंत्रालयात बसणारे एक साहेब यायचे. मूळचे पुण्याकडचे, फार सभ्य. पुडी घेऊन गेले आणि पंधरवड्यानं पट्टी घेऊन परत आले. दिवा ओळीनं पळायच्या ऐवजी बेडकासारखा उड्या मारत होता. इथून तिथं, तिथून मागं.

“चिप खराब दिली तुम्ही,” साहेब म्हणाले.

भाऊनं पट्टी उलटी करून पाहिली आणि हसला. त्या चिपेची दारं तिच्या पायांवर सरळ क्रमानं नसतात, पहिलं दार तिसऱ्या पायावर, दुसरं दुसऱ्यावर, अशी गंमत आहे. साहेबांनी नकाशा बाजूला ठेवून आपल्या मनानं सरळ तारा ओढल्या होत्या.

“साहेब, दिवा बराबर पळून राहिला. तुमचा रस्ताच वाकडा आहे.”

भाऊ दुरुस्त करायला बसला तर साहेब म्हणाले, “नको, राहू द्या. घरी मुली या बेडकाला हसतात.” आणि तशीच घेऊन गेले.

दुसरा किस्सा धुमालवाल्याचा. धुमाल म्हणजे आमच्याकडची वाजंत्र्यांची चाकांवरची गाडी. नागपूरकडं असते, रायपुरात तर असतेच असते. मालकाला गाडीच्या दोन्ही अंगांना पुढं धावणारे दिवे हवे होते. एकच पट्टी दोन्ही बाजूंना लावली तर एका बाजूला दिवे पुढं जातात आणि दुसऱ्या बाजूला मागं, म्हणून भाऊनं उजवीची वेगळी आणि डावीची वेगळी अशा दोन पट्ट्या केल्या. मी दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या. मालकाच्या माणसांनी घाईत चिठ्ठ्या काढून फेकल्या आणि पट्ट्या उलटसुलट लावल्या. मिरवणुकीत गाडी पुढं जातेय आणि दोन्हीकडचे दिवे मागं धावताहेत. लोकांना वाटलं गाडी मागं येते आहे, मागची नाचणारी माणसं घाबरून बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी मालक दारात. मला वाटलं भांडायला आला.

“मधु भैया, क्या चीज़ बनाई है! अब सब यही माँगेंगे!”

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, “नंदे, उजवी-डावी कोणाले समजत नाही. उगाच चिठ्ठ्या लावतेस.”

आणि एक चक्र. आमच्या विहारात मूर्तीच्या मागं चोवीस आऱ्यांचं चक्र आहे, त्याचे आरे एकामागून एक उजळत गोल फिरतात. एका चिपेला दहाच दारं, म्हणून तीन चिपा अशा जोडाव्या लागतात की पहिलीनं आपली दारं संपवून दुसरीला हाक मारावी आणि दुसरीनं तिसरीला. हाक चुकली की चक्र अडखळतं. भाऊचं चक्र कधी अडखळलं नाही. आमच्या दोघांच्या कामांत मला अभिमान वाटावा असं हे एक.

यंदा होळीच्या सुमारास भाऊला लकव्याचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त अडलं. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात पहिल्यासारखा चालत राहिला, डावाही धरण्यापुरता हलू लागला. आम्ही म्हटलं, सुटलो. मग वहिनींच्या लक्षात आलं की भाऊ ताटातला उजव्या बाजूचाच भात खातो आणि “वाढ ना अजून” म्हणतो. दाढी केली तर उजव्या गालाचीच. डाव्या गालावर खुंट तसेच.

डॉक्टरांनी समजावलं. डोळे ठीक आहेत. डावीकडचं डोळ्यांत जातं, पण मेंदू त्याची दखलच घेत नाही. त्यांच्यासाठी डावी बाजू अंधारलेली नाही, ती बाजूच नाही. अंधार असता तर त्यांनी दिवा शोधला असता. जे नाहीच ते कोण शोधणार?

वैशाख पौर्णिमेला त्याला व्हीलचेअरवर बसवून विहारात नेलं. चक्र फिरत होतं. भाऊनं मान वर केली, बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “अर्धं बंद आहे. नंदे, मधल्या चिपेची हाक तुटली. कमिटीवाले झोपले होते का?”

कमिटीतले एक काका पुढं आले. “मधुकरभाऊ, सगळे आरे चालू आहेत ना.”

“मले शिकवता का? चक्र म्या बनवलं का तुम्ही?”

काका माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, “हव, बघते मी, उद्या येऊन बघते.” पाठीमागं वहिनी उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची दाराकडं वळवली.

त्यानंतर घरात एकच प्रश्न उरला. भाऊची नजर डावीकडं परत जाते की नाही? गेली तर तो रस्ता ओलांडेल, टेबलावर बसेल, चिपांना शिव्या देईल. नाही गेली तर तो असाच अर्ध्या खोलीत राहणार. नेहा दीदी भिलाईच्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्या म्हणाल्या, पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं तेच खरं, नंतर फार थोडं. त्यांनी नियम घातले. सगळ्यांनी भाऊच्या डावीकडं बसायचं. हाक डावीकडून मारायची. ताट फिरवून द्यायचं नाही. तो उपाय आम्हाला सापडला होता, ताट फिरवलं की उरलेला भात उजवीकडं येतो आणि तो खातो. दीदी म्हणाल्या, “थाली घूम जाएगी तो भैया क्यों घूमेंगे?”

वहिनींनी काही आठवडे डावीकडं बसून काढले. एक दिवस मला म्हणाल्या, “नंदाबाई, तुमच्या भावासाठी मी मेली. मी बाजूले बसून भाजी निसून राहिली, अन् हा ओरडून राहिला, शीला कुठं गेली, शीला कुठं गेली.” हसल्यासारखं केलं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून त्या उजवीकडं बसायला लागल्या आणि मी त्यांना टोकलं नाही.

दीदी भाऊसमोर बोट धरायच्या आणि उजवीकडून डावीकडं न्यायच्या. भाऊ कंटाळायचा, मान फिरवायचा. दीदींनीच विचारलं, असं काही आहे का, जे आपोआप सरकेल आणि ज्यात यांचं मन रमेल? मी म्हटलं, आमचा सगळा धंदाच तो आहे.

मी पट्टी केली. हातभर लांब, दहा लाल दिवे, उजवीकडून डावीकडं, अगदी सावकाश चालणारे. भाऊसमोर ठेवून चालू केली. पहिला, दुसरा, तिसरा. त्याची नजर दिव्याबरोबर सरकत होती. चौथा, पाचवा. पाचव्यावर नजर थांबली. दिवा पुढं गेला, भाऊ नाही गेला. तो पहिला दिवा पुन्हा पेटायची वाट बघत उजवीकडं आला.

“पाचच लावले का वं?”

“दहा आहेत, भाऊ.”

“मग लाइन कट आहे पाचव्यानंतर. मीटर लाव.”

मी मीटर लावला. त्याच्यासमोर, प्रत्येक दिव्याला. लाइन शाबूत असली की मीटर वाजतो, तसा आवाज येत होता, टीं, टीं. त्याला आवाज ऐकू येत होता.

“आवाज तर येऊन राहिला,” तो म्हणाला. विचारात पडला. “मग दिवे उडाले असतील. सस्ता माल आणतेस तू. बदल पाची.”

मी बदलले. पाचही चांगले दिवे काढले आणि पाच नवे लावले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाचव्यावर थांबला. म्हणाला, “तुझा डाग कच्चा आहे.” सोल्डरच्या टाक्याला आमच्यात डाग म्हणतात. मग मी डाग पक्के केले. रोज तो काहीतरी दोष काढायचा आणि मी तो दुरुस्त करायची. दोषाचं प्रत्येक निदान धंद्याच्या हिशेबानं अचूक होतं. पाच दिवे पेटत आहेत आणि पाच नाहीत, तर कारागीर हेच म्हणेल. स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेणारा कारागीर मी आजवर पाहिला नाही, आणि मीही घेतली नसती.

पावसाळाभर हे चाललं. कधी सहाव्यापर्यंत गेला, मग पुन्हा पाचवर. शेवटी नेहा दीदी म्हणाल्या, दुसऱ्यानं केलेल्या पट्टीला ते नावं ठेवतात, मग स्वतः करू द्या. हात जिथं जाईल तिथं कदाचित नजर जाईल. भाऊला सांगितलं तर तो खूश. “बरं झालं. तुह्या कच्च्या डागांनी डोकं फिरवलं माह्यं.”

तर तो रविवार. चिपांचा भाग मी आधीच जोडून ठेवला होता. त्यानं फक्त दहा दिवे बसवायचे होते. दिवे उजवीकडं एका वाटीत, आयर्न उजवीकडं. मी डावीकडं स्टुलावर. वहिनी उजवीकडच्या दारात, हातात चहाचा ट्रे. दीदी समोर.

भाऊ बसला आणि मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भाऊ दिसला. दिव्याचा लांब पाय कुठला, आखूड कुठला, हे बोटानं चाचपून तो बसवत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे उजव्या अर्ध्यात, ओळीत, एका उंचीचे. मग थांबला. वाटीत पाच दिवे शिल्लक होते, त्यांच्याकडं बघून म्हणाला, “जास्तीचे ठेवलेस. ठीक आहे, एखादा उडाला तर लागेल.”

मी दीदींकडं पाहिलं. त्यांनी हातानं खुणावलं, गप्प. त्यांना तो स्वतःहून पुढं जायला हवा होता.

भाऊनं दिव्यांवर कागदी टेप ओढली, म्हणजे उलटं केल्यावर ते पडू नयेत, आणि पट्टी उलटी केली. हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दिवे बोर्डाच्या एका बाजूनं खुपसतात आणि डाग दुसऱ्या, तांब्याच्या बाजूनं देतात. बोर्ड आम्ही पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटतो. पान उलटलं की उजवी बाजू डावीकडं जाते. धंद्यातल्या प्रत्येकाचा हात तसाच फिरतो, भाऊचाही फिरला. त्यानं बसवलेले पाच दिवे, त्यांचे तांब्यातून वर आलेले पाय, आता डावीकडं होते. आणि उजवीकडं, त्याच्यासमोर, होती ती रिकामी पाच जागांची भोकं.

आयर्न उचलून त्यानं पहिल्या रिकाम्या भोकावर डाग दिला.

मी स्टुलावरून उठले. दीदींनी माझा हात धरला. “रुकिए, दीदी. ख़ुद देखेंगे.”

भाऊ काम करत राहिला. कथिलाची वायर टेकवायची, वितळू द्यायची, आयर्न सरळ वर उचलायचं. पोलिओचा डोस टाकावा तसा एकेक थेंब. प्रत्येक भोक भरत गेलं. तिथं दिव्याचा पाय नाही हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, चाळीस वर्षांचा हात आहे. पण हात सवयीनं चालला होता आणि तो तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. मी त्याला सांगू शकले असते की पट्टी आडवी नको, खालून वर उलट, मग दिवे उजवीकडंच राहतील. एवढ्यानं काम झालं असतं. पट्टी अर्धी पळाली असती आणि तो तिला पूर्ण म्हणाला असता. ताट फिरवण्यासारखंच ते. मी परत स्टुलावर बसले.

शेवटचा डाग दिला. आयर्न स्टँडवर ठेवलं. “झालं. नंदे, बघ याले डाग म्हणतात.”

आणि त्यानं पट्टी सरळ करून टेप काढली.

टेपबरोबर पाचही दिवे उपटून आले आणि मांडीवर पडले. एक खाली गेला आणि टेबलाखाली घरंगळला. दीदी लगेच वाकल्या तो उचलायला, आणि उगाच वाकूनच राहिल्या.

भाऊनं मांडीवरचा एक दिवा उचलला. पाय बघितला, कोरा. पट्टी पुन्हा उलटी केली. त्याच्यासमोर पुन्हा उजवीकडं ते गोल चकचकीत डाग आले. दिव्याकडं बघितलं, डागांकडं बघितलं. कितीतरी वेळ. त्याच्या चेहऱ्यावर काही तरी सरकलं, मला वाटलं आता मान वळते. आता विचारतो, या डागांत पाय का नाही.

“हे कोणं केलं?” तो म्हणाला. उजवीकडं वळून, वहिनींना. “नंदानं केलं ना? डाग सुंदर आहेत, पण दिवे लावलेच नाहीत. चाळीस वर्षं झाली, पोट्टीले अजून समजत नाही. कुठं आहे ती?”

मी त्याच्या डावीकडं, हाताच्या अंतरावर होते.

“हो भाऊ,” मी म्हटलं. “माझंच चुकलं.”

आवाज कुठून आला ते त्याला कळलं नाही. तो उजवीकडंच बघत म्हणाला, “राहू दे, शिकशील.”

वहिनी ट्रे घेऊन आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दीदींनी जाताना मला फाटकापाशी थांबवलं. म्हणाल्या, यापुढं डावीकडं बसायचा नियम नको. ताट फिरवून देत जा. औषधं, पाणी, चष्मा सगळं उजवीकडं ठेवा. “अब जो है, उसी में उनको आराम दीजिए.” मी विचारलं, म्हणजे संपलं का? त्या म्हणाल्या, “मैं आती रहूँगी, दीदी.” त्या येतात. बोट धरत नाहीत आता.

वर्कशॉप सुरू आहे. पुड्या मी भरते, जुने नकाशे पुरतात. नवा नकाशा कोणी मागितला तर नाही म्हणते. मी घर, टेबल, औषधं, सगळं उजवीकडं मांडून घेतलं, दोन दिवसांत काम संपवलं. मीही उजवीकडं बसते.

भाऊ रोज विचारतो, “पट्टी झाली का?”

“होऊन राहिली.”

पट्टी माझ्या टेबलावर आहे. पुढचं काम साधं आहे, कुठल्याही हौशी माणसाला सांगता येईल असं. आयर्न तापवायचं, भरलेल्या भोकावर टेकवायचं, कथिल वितळलं की पंपानं ओढून घ्यायचं. भोक मोकळं होतं, मग त्यात दिवा बसतो. मी पंप साफ करून ठेवला आहे. आयर्न दोनदा तापवून बंद केलं. ते डाग सगळे सारखे आहेत, एकही थेंब कमी नाही, जास्त नाही. भाऊनं झटक्यानंतर दिलेले तेवढेच. ते ओढून काढल्याशिवाय डावीकडं एकही दिवा बसणार नाही. काढायचे आहेत.